बारा वाजून आठ मिनिटांपूर्वीचे क्रांतिकारक

रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू २२ डिसेंबर १९८९ रोजी दुपारी १२ वाजून ८ मिनिटांनी हेलिकॉप्टरने पळाला. त्यामुळे त्याआधी चौकात उतरलेले ते क्रांतिकारक आणि नंतर जमलेले ते बघे, असा निवाडा कॉर्नेल्यू पोरुम्बोयू यांच्या २००६ सालच्या चित्रपटात एका आडगावच्या दूरचित्रवाणी वाहिनीवर चालतो. तिथे एक मद्यपी मास्तर छातीठोकपणे साक्ष देतो, शेजारी नाताळात सांताक्लॉज होणारा म्हातारा कागदाच्या होड्या करत बसतो, आणि दूरध्वनी करणारे गावकरी मास्तर त्या वेळी गुत्त्यात होता असे शांतपणे कळवतात.

हा चित्रपट पनवेल तालुक्यातील नेरे गावी काढायचा झाल्यास पहिली अडचण भूगोलाची येईल. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म याच तालुक्यातला, पण नेऱ्याचा नव्हे, शिरढोणचा. जंगल सत्याग्रहात, म्हणजे सरकारी वनकायदा उघडपणे मोडण्याच्या चळवळीत, २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला तो उरण तालुक्यातील चिरनेरला. नेऱ्याची ओळख आहे ती कुष्ठरुग्णांसाठी उभ्या राहिलेल्या शांतिवनामुळे, आणि सेवेस क्रांती मानण्याचा शासन निर्णय अद्याप निघालेला नाही. तरीही गावाने खचण्याचे कारण नाही, कारण फडक्यांनी १८७९ चे बंड केले ते शिरढोणात नव्हे, घाटावर. स्मारक मात्र शिरढोणातही आहे.

दुसरी अडचण पुराव्याची, आणि त्या शास्त्रात महाराष्ट्राने रुमानियाला केव्हाच मागे टाकले आहे. केंद्राने १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले तेव्हा सर्वसाधारणपणे सहा महिन्यांच्या कारावासाची अट घातली, आणि तुरुंगातील कागद सापडत नसल्यास सहबंद्याचे, म्हणजे सोबत कैद भोगलेल्या व्यक्तीचे, प्रमाणपत्र ग्राह्य धरले. पुढे बीड जिल्ह्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिक इतक्या उशिरा आणि इतक्या संख्येने प्रकट झाले की, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले व त्यांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती पालकर आयोग नेमावा लागला. स्वातंत्र्यलढ्यात उतरण्यास वयाची अट नसते, हे खरे. पण काही साक्षी वाचताना पाळण्यातूनही लढा देता येत असावा, असे वाटू लागते.

मिनिटांचा काटा धरून बसणारे रुमानियन या बाबतीत भाबडेच म्हणावे लागतील. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना राज्य सरकारने २०१८ मध्ये मानधन देऊ केले, दुसऱ्या सरकारने ते २०२० मध्ये बंद केले, आणि तिसऱ्याने २०२२ मध्ये पुन्हा चालू केले. म्हणजे तोच गृहस्थ, १९७५ सालच्या त्याच कोठडीबद्दल, मधली दोन वर्षे क्रांतिकारक नव्हता.