चारशेवीस

आमच्या सोसायटीत येऊन "चारशेवीस कुठे राहतात?" असं विचारलंत, तर वॉचमन मोबाइलमधून मान वर न काढता सांगेल, "बी विंग, दुसरा माळा. पंखा लावू नका म्हणतील, लावू नका."

पाहुणा दचकतो. दचकू नये. काकांनी आयुष्यात कुणाला पाच पैशांना फसवलेलं नाही. मोरिवली एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये त्यांनी तीस वर्षं टायट्रेशन केलं. निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात दूधवाल्याचं दूध, गच्चीवरच्या टाकीचं पाणी आणि काकूंचं लिंबू सरबत तपासून झालं. तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी घरात समुद्र आणला. शाळेच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं, त्याचं हे उशिरा उठलेलं पुरळ, असं काकूंचं निदान आहे.

तर अंबरनाथमध्ये, जिथून खरा समुद्र बघायला लोकलनं तास-सव्वा तास धक्के खात दादर गाठावं लागतं, तिथे काकांच्या हॉलमध्ये शंभर लिटरचा समुद्र आहे. आरओचं पाणी, लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ; पंख्यानं पाणी उडून हे प्रमाण बिघडू नये, म्हणून पंखा बंद. हे मीठ क्रॉफर्ड मार्केटहून येतं आणि साखरेपेक्षा कितीतरी महाग असतं. काकूंनी एकदा त्यातलं चमचाभर आमटीत टाकलं होतं. काकांनी आमटीला नावं ठेवली नाहीत, फक्त डबा वजन करून बघितला.

चारशेवीस हे त्या पाण्यातलं कॅल्शियम. समुद्रात एका लिटरमागे साधारण ४२० मिलिग्रॅम असतं, म्हणून काकांच्या हॉलमध्येही तेवढंच असलं पाहिजे. रोज रात्री नऊला मोजणी. चाचणीच्या बाटलीत पाणी, त्यात पावडर, की रंग गुलाबी. मग सिरिंजमधून थेंब थेंब सोडायचे. ज्या थेंबाला गुलाबीचा निळा होतो, तिथला आकडा वाचायचा. अडचण अशी, की गुलाबी आणि निळ्याच्या मधे जांभळा नावाचा एक वादग्रस्त प्रदेश आहे. काका म्हणतात, निळा झाला. काकू म्हणतात, ही माझी वांगी रंगाची पैठणी. मग शेजारी म्हणून मला बोलावणं येतं. इस्त्रीवाला आला असेल तर त्याचंही मत घेतात. कपड्यांच्या रंगात त्याचा हात कोण धरणार!

"बघ," काका मला समजावतात, "कॅल्शियम आणि कार्बोनेट ही वयात आलेली पोरं. एकटी सापडली की जोडी जमवतात आणि चुनखडी होऊन तळाशी संसार थाटतात. मग पाण्यात कुणीच उरत नाही. म्हणून मधे मॅग्नेशियम लागतं, तेराशेच्या आसपास. ती आत्याबाई. दोघांच्या मधे बसून राहते."

"आणि आत्याबाई कमी पडल्या तर?"

"तर टाकीत बर्फ पडतो. अंबरनाथमध्ये, मे महिन्यात."

कमी झालेलं कॅल्शियम भरून काढायला त्यांचं औषध एकच: चुन्याची निवळी. जर्मन लोकांनी तिला भारी नाव दिलंय, पण वस्तू पानवाल्याकडचीच. चुना पाण्यात ढवळायचा, गाळ बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी घ्यायचं आणि रात्री सलाईनच्या नळीतून थेंब थेंब सोडायचं. रात्रीच, कारण अंधारात पाण्याचा पीएच उतरतो आणि निवळीचा पीएच बाराच्या वर; तो त्याला सावरतो. एकदम ओतली तर घात. तेव्हा हा चारशेवीस नावाचा गृहस्थ रोज रात्री चुना लावत बसतो, असं सोसायटीत म्हणतात, आणि ते शब्दशः खरं आहे.

"एवढं कॅल्शियम खातं कोण?" असं कुणी विचारलं की काका टाकीजवळ नेऊन दाखवतात. आपण रंगीबेरंगी पोवळ्यांची अपेक्षा करतो. समोर दगड. दगडावर जांभळट खरपुडी. आणि तीन शंख, त्यांतला एक हलतोय. ती खरपुडी म्हणजे चुना खाऊन वाढणारं शेवाळ. कडक पोवळी काका ठेवत नाहीत, कारण ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत; वाघाच्या पंगतीला. एका दुकानदारानं एकदा कानात सांगितलं, "साहेब, मागच्या दारानं देतो." काका पुढच्या दारानं निघून आले. तेव्हापासून खरपुडीसाठी ४२०.

गावावरही त्यांचा राग आहे. १०६० सालचं शिवमंदिर बघायला पाहुण्यांना नेतात आणि शिल्पं सोडून दगडाबद्दल बोलतात. "काळा कातळ. ज्वालामुखीचा. यातही कॅल्शियम आहे रे, पण अडकलेलं. आपल्या सोसायटीच्या रिपेअर फंडासारखं. आहे, पण निघत नाही."

फसवणुकीचं कलम ४२० जाऊन १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ते ३१८ झालं, तेव्हा सेक्रेटरी पेढे घेऊन गेले: "काका, सुटलात!" काका गंभीर झाले. "३१८? इतकं खाली गेलं तर शंख मरतील हो."

गेल्या वर्षी काका भाचीच्या लग्नाला आठ दिवस साताऱ्याला गेले आणि किल्ली माझ्याकडे आली. सोबत सूचनांचे दोन कागद: रोज अर्धा लिटर निवळी, बाकीची पातळी साध्या आरओनं भरायची, नऊला मोजणी, वहीत नोंद. पहिल्या रात्री ऑफिसातून यायला उशीर झाला. दुसऱ्या रात्री मॅच होती. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की टाकी मजेत दिसतेय. तेव्हा मी फक्त साधं पाणी भरत गेलो आणि वहीत सुवाच्य अक्षरात लिहीत गेलो: ४२०, ४२०, ४२०.

काका आले. वही उघडली. माझ्या आठ ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "इतकं स्थिर समुद्रातसुद्धा नसतं."

मग मोजणी केली. ३९०. रागावले नाहीत, हिशेब मांडला. "अर्धा लिटर निवळीनं शंभर लिटरला चार वाढतं. आठ दिवसांचे बत्तीस. म्हणजे तू एकदाही सोडली नाहीस. बरोबर?"

मी शंखाकडे बघत राहिलो. तो हलत होता, एवढाच आधार.

माझ्या नोंदी त्यांनी खोडल्या नाहीत. लॅबच्या वहीत खाडाखोड करायची नसते. शेऱ्याच्या रकान्यात आठ वेळा, प्रत्येक ओळीसमोर, लिहिलं: "तपासलेले नाही." खाली त्या दिवसाची तारीख आणि ३९०. पुढे दोन आठवडे निवळी थोडी थोडी वाढवत आकडा जागेवर आणला.

सोसायटी अजून त्यांनाच चारशेवीस म्हणते. मी दुरुस्ती केलेली नाही.