रिकाम्या हौद्याचे पाटे

स्वतःचं वजन सांगताना माणूस पाच किलो गाळतो आणि गाडीच्या हौद्यातलं सांगताना पन्नास वाढवतो. अमेरिकेत पिकअप उंच करून घेणाऱ्या मंडळींमध्ये ही सवय इतकी मुरलेली आहे, की मागच्या सस्पेन्शनचा बराचसा बाजार तिच्याच जिवावर चालत असावा. माझं म्हणणं एवढंच आहे, की मागचे पाटे निवडताना ‘गाडी किती इंच वर येईल?’ हे नंतर विचारावं. आधी ‘हौद्यात रोज ओझं किती असतं?’ हे विचारावं. पहिल्या प्रश्नाला सगळे छातीठोक उत्तर देतात. दुसरा विचारला की ‘तसं नक्की नाही, पण कधीकधी बरंच असतं’ अशी भाषा सुरू होते, जी आपल्याकडे सोयरिकीत मुलाचा पगार विचारल्यावर ऐकू येते.

मुळात पिकअप कारखान्यातूनच मागून जराशी वर उचललेली येते. त्यात शहाणपण आहे: हौद्यात माल पडला की मागचा भाग बसावा आणि गाडी समपातळीत यावी. पण मालक गाडी बघतो ती रिकामी, अंगणात उभी असलेली. ती त्याला वाकून नमस्कार करते आहे असं वाटतं आणि हा विनय त्याला खपत नाही. मग तो पुढून दोन-तीन इंच उचलतो. आता गाडी सपाट झाली, पण दोन सायकली आणि बर्फाची पेटी ठेवली तरी मागून बसते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. मग मागूनही उचलायची. एवढा खर्च होऊन गाडी पुन्हा पहिल्यासारखीच पुढे झुकलेली दिसते, फक्त तीन इंच वरून. काहींनी उलटी वाट धरली आणि नाक आभाळात, शेपूट रस्त्यावर अशी गाड्यांची पैदास सुरू केली. तेव्हा नॉर्थ कॅरोलायना राज्याला कायदा करावा लागला, की पुढचा फेंडर मागच्यापेक्षा 4 इंच किंवा जास्त वर असेल तर गाडी रस्त्यावर आणायची नाही. हा कायदा डिसेंबर 2021 पासून लागू आहे. म्हणजे आता तिथे पोलिसांच्या कामात टेपसुद्धा आली.

मागून उचलायचे मार्ग मोजकेच आहेत. सगळ्यांत स्वस्त म्हणजे ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालायचा. दोन इंचांचा ठोकळा, दोन इंच उंची; हिशेब सोपा. ठोकळ्याला नावं ठेवायची पद्धत आहे, पण फोर्डच्या सुपर ड्युटीसारख्या दणकट गाड्यांत कंपनीच ठोकळा बसवून देते. दोष उंच ठोकळ्याचा. ॲक्सिलरेटर दाबला की ॲक्सल पिळवटतो आणि ठोकळा जितका उंच तितका त्याचा हात लांब, त्यामुळे पाटा इंग्रजी एससारखा मुरडतो. दुसरा मार्ग शॅकलचा, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या दुव्याचा: लांब शॅकल लावला तर वाढलेल्या लांबीच्या निम्मीच उंची मिळते, हे पैसे देऊन झाल्यावर कळतं. तिसरा मार्ग आपल्याकडच्या कुठल्याही हायवेवरच्या पाटेवाल्याला पाठ आहे: एक जादा पाटा घाला. फरक एवढाच, की आपल्याकडे उसाच्या नि वाळूच्या ट्रकला जादा पाटा पडतो तो माल परवानगीपेक्षा जास्त असतो म्हणून. तिकडे बहुतेक वेळा तो पडतो हौदा रिकामा असताना. चौथा मार्ग, अख्खा संचच नवा घेणं. याला कधीकधी खरंखुरं कारणही असतं. 2014 साली टोयोटाने 2005 ते 2011 या काळातल्या सुमारे 6 लाख 90 हजार टकोमा परत बोलावल्या, कारण त्यांचे मागचे पाटे तडकण्याचा आणि गंजून तुटण्याचा धोका होता.

नवा संच घ्यायचा ठरला की खरी परीक्षा येते, कारण तो हलका, मध्यम आणि भारी अशा प्रकारांत मिळतो. ‘हलका’ हा शब्द पिकअपवाल्याच्या तोंडून निघतच नाही. त्यापेक्षा तो पिकअप विकेल. तेव्हा भारी येतो. आता भारी पाट्याचं गणित असं, की त्याची सांगितलेली उंची सांगितलेल्या ओझ्याखाली मोजलेली असते. समजा दोन्ही बाजूंचे पाटे मिळून इंचभर बसायला 180 किलो लागतात आणि संच कायम 360 किलो वाहायचा म्हणून बनवलेला आहे. हौद्यात फक्त स्टेपनीची हवा मारायचा पंप असेल, तर तुमची दोन इंचांची लिफ्ट जवळजवळ चार इंचांची होते. मग शॉकॲब्सॉर्बर उभ्या जागीच ताणलेला राहतो. चाक खड्ड्यात उतरायला जातं, शॉकची लांबी संपते आणि खालून ‘खट्’ असा आवाज येतो. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलेल्याला हा अनुभव फुकट मिळतो. तिकडे त्यासाठी नायट्रोजन भरलेला मोनोट्यूब शॉक घेतलेला असतो. शॉक चांगलाच असतो हो, लांबी चुकलेली असते. त्यातच मागचा प्रोपेलर शाफ्ट तिरका होतो आणि सिग्नल सुटल्यावर गाडी थरथरते.

यात मला सगळ्यांत वाईट वाटतं ते एका छोट्या व्हॉल्व्हचं. टोयोटाच्या बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये चासीवर एक ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की चासी खाली येते, दांडी हलते, व्हॉल्व्हला समजतं की ओझं आलं, आणि तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. अख्ख्या गाडीत ओझ्याबद्दल खरं बोलणारा हा एकटाच. आपण गाडी उचलतो, अंतर वाढतं, आणि बिचाऱ्याची खात्री पटते की हौदा कायमचा रिकामा आहे. मग भर ओझ्यातही तो मागचा ब्रेक हात राखून देतो. दांडीची जागा बदलून हे दुरुस्त होतं, पण पाट्यांबरोबर त्याची आठवण काढणारे थोडे.

यावर लोक म्हणतील, हौस आहे, दिसायला छान दिसते, तुमचं काय जातं? काही जात नाही. हौसेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. फक्त हौसेचं वजन शून्य किलो असतं, तेव्हा तिला हलका पाटाच पुरतो. दुसरे म्हणतील, भारी पाटे लावले की जास्त माल नेता येतो. नाही येत. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किती माल न्यायचा ते छापलेलं असतं, आणि नवे पाटे लावल्याने तो आकडा हलत नाही, कारण ॲक्सल, ब्रेक, टायर आणि चासी जुनेच असतात. तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे: रोज नाही, पण वर्षातून दोनदा बोट ओढायची असते, त्याचं काय? त्यासाठी पाट्यांच्या मदतीला हवेच्या पिशव्या मिळतात. हवा भरा, काम झालं की सोडा. मात्र पाटा आपलं ओझं चासीवर दोन टोकांना वाटून देतो आणि पिशवी ते मधल्या एकाच ठिकाणी ढकलते. ऑस्ट्रेलियात अशा पिशव्या फुगवून भरमसाट माल लादलेल्या गाड्यांच्या चासी मधोमध वाकल्याचे प्रकार झालेले आहेत. स्टिकरवरच्या आकड्याच्या आत राहून मात्र पिशवी खुशाल वापरावी.

तेव्हा मागवण्याआधी एक काम करा. छतावरचा तंबू, स्टीलचा बंपर, फ्रिज, पाण्याचे कॅन, जे खरोखर कायम गाडीत असतं तेवढंच ठेवा, शेजाऱ्याला सांगायची यादी घरी ठेवा, आणि हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर वजनकाट्यावर गाडी चढवा. थोडक्या डॉलरांत चिठ्ठी मिळते. तिच्यावर मागच्या ॲक्सलचं वजन वेगळं छापलेलं असतं.