डासांवर उतारा

विनिपेगच्या हिवाळ्याला सगळे नावं ठेवतात, पण तो निदान कानाशी गुणगुणत नाही. जूनमध्ये मागच्या अंगणात चहाचा कप घेऊन बसा, म्हणजे कळेल. इथून उत्तरेला कोमार्नो नावाच्या गावात 1984 साली डासाचा पुतळा उभारलाय, पंखांचा पसारा 15 फूट! पुतळे थोरामोठ्यांचेच असतात, हा नियम मॅनिटोबातही पाळतात म्हणायचा.

हिला फवाऱ्याचा वास सोसत नाही, म्हणून ‘नैसर्गिक उपाय’ माझ्या गळ्यात पडला. गवती चहा लावला, तो मेच्या गारठ्यात एका रात्रीत पिवळा पडला. मग डास पळवणारं म्हणून विकतात ते लिंबाच्या वासाचं जिरेनियम आणलं, वाफ्यात बसवलं, पुण्याला फोटो पाठवून शाबासकीही घेतली, आणि मग वाचनात आलं, की ग्वेल्फ विद्यापीठाच्या मंडळींनी 1996 मध्येच त्याची परीक्षा घेऊन त्याला नापास केलंय.

राहिलं कॅटनिप. पुदिन्याच्या कुळातलं, करड्या-हिरव्या लवदार पानांचं. त्याच्या तेलातलं नेपेटालॅक्टोन डासांना फवाऱ्यातल्या डीट रसायनापेक्षाही भारी पडतं, असं आयोवाच्या संशोधकांनी 2001 मध्ये सांगितलेलं. रोपाच्या चिठ्ठीवर मांजराचं चित्र होतं. मला वाटलं, नर्सरीवाल्यांचं बोधचिन्ह असेल.

शेजारच्या आजीबाईंचा तांबूस बोका पहिला आला. त्याने पान हुंगलं, चावलं, दोन्ही गाल घासले आणि चारी पाय वर करून वाफ्यात असा काही लोळला, की मी घाबरून पाणी आणायला धावलो. परत येतो तो आणखी दोघं हजर. मी जाळीचं कुंपण घातलं, खुंट्या ठोकल्या, त्या ठोकताना मानेपासून घोट्यापर्यंत डासांनी मला फोडून काढलं, आणि बोका जाळीच्या आत गाढ झोपलेला.

त्याला एकही डास चावत नव्हता.

याचंही उत्तर सापडलं. जपानी संशोधकांनी 2021 मध्ये दाखवून दिलं, की मांजरं असला पाला अंगाला चोळतात तेव्हा त्यांच्यावर डास कमी बसतात. पान चुरगळलं तरच वास नीट सुटतो. नुसतं झुडूप उभं करून काही होत नाही. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. ही भाजी निवडता निवडता म्हणाली, “मग तुम्हीही लोळा की!”

लोळण्याला गुडघ्यांनी नकार दिला. म्हणून मूठभर पाला हातापायांना खसाखसा चोळला आणि ऐटीत खुर्चीत बसलो. डास खरंच फिरकले नाहीत, खोटं कशाला बोलू! बोका मात्र मांडीवर चढून माझं कोपर चाटायला लागला, दुसरा खांद्यावर, तिसऱ्याने चहा लवंडला. तेवढ्यात कुंपणावरून आजीबाई डोकावल्या. बोका हल्ली जेवायलाही घरी येत नाही, तेव्हा एखादं रोप मिळेल का?

मी अख्खं झुडूपच मुळासकट उपटून दिलं. पण बी सगळ्या हिरवळीवर आधीच सांडून झालं होतं.