लाल दिव्याची गाडी

मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले. माझ्या गाडीत मात्र तो आतून लागायचा. डहाणूहून चारोटीकडे निघालं की आशागड-गंजाडच्या वळणांवर पेटायचा, सरळ रस्ता आला की विझायचा. हँडब्रेक नीट खाली गेला नसेल, म्हणून मी तो दोन्ही हातांनी दाबून पाहिला. मग बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलच्या डबीत पातळी उतरलेली. बाटली आणली, डबी काठोकाठ भरली, दिवा गायब! हे मी ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनाही सविस्तर सांगितलं.

पुढे किंकाळी सुरू झाली. हलका ब्रेक दाबला की डाव्या चाकातून ‘कुंईऽऽ’.

“अहो, दाखवून घ्या कुठेतरी,” बायको म्हणाली.

“खारा वारा गं. डिस्कवर गंज धरतो, दोन ब्रेक मारले की जातो.”

हे अर्धं खरं असतं, आणि अर्ध्या खऱ्यावर ठाम बोलण्यात माझा हातखंडा आहे. शिवाय रिमच्या फटीतून मोबाइलच्या उजेडात मी पॅड पाहिलाही होता. चांगला जाडजूड.

चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या यात्रेत तर त्या आवाजाची सोयच झाली. हॉर्नला न हटणारी गर्दी ब्रेकला हटली. एका आजींनी टोपली सावरत मला जे ऐकवलं, ते छापण्यासारखं नाही.

तलासरीच्या अलीकडे ‘कुंई’चं ‘खर्रर्र’ झालं.

हायवेलगतच्या गॅरेजात पोराने चाक उतरवलं. मी पाहिलेला बाहेरचा पॅड शाबूत होता. आतला त्याने समोर धरला: नुसती लोखंडी पट्टी. कॅलिपरची पिन गंजून जाम, म्हणून आतला एकटाच घासत राहिलेला. पट्टीच्या कडेला पत्र्याचं एक वाकडं पान होतं.

“काका, हे ओरडत होतं. पॅड दोन-तीन मिलिमीटर उरला की डिस्कला टेकतं. त्याचं कामच ते.”

“पण सेन्सर, दिवा वगैरे...”

“तुमच्या गाडीत हाच सेन्सर.”

महागड्या गाड्यांत म्हणे पॅडमध्ये वायर असते, घासून तुटली की दिवा लागतो. तीही बऱ्याचदा एका बाजूच्याच चाकाला. दुसऱ्या बाजूचा पॅड आधी संपला तर दिव्याला पत्ता नाही. माझा लाल दिवा डबीतल्या तेलाचा. पॅड झिजतो तसा पिस्टन पुढे सरकतो, तेल त्याच्या मागे जातं, पातळी उतरते; वळणावर तेल कलंडलं की दिवा. म्हणजे तोही पॅडचंच गाऱ्हाणं सांगत होता, आणि मी तेल ओतून त्याचं तोंड बंद केलं होतं.

नवे पॅड बसवायला पोराने पिस्टन मागे दाबला. बॉनेटखालून टपटप ऐकू आलं.

“डबी एवढी भरली कोणी?”

मी डोंगर पाहू लागलो.

“काका, हे तेल रंग खातं!” तो फडक्यासाठी पळाला. मी तत्परतेने पाण्याची बाटली घेऊन धावलो.

“थांबा! झाकण लावू द्या आधी. तेलात पाणी गेलं तर ब्रेक लागायचे नाहीत!”

त्यानंतर मला बाकड्यावर बसवण्यात आलं. बाटली बायकोकडे देण्यात आली.