आतल्यांनी खिडकीत येऊ नये

सेनगावच्या तहसीलीत सातबाऱ्यासाठी आलेला माणूस खिडकीपाशी उभा राहून मोबाइल चाळत असतो, तेव्हा दोन खिडक्यांवर काम चाललेलं असतं. दुसरी त्याच्या हातातच आहे. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचं कर्नल, म्हणजे सगळ्या कारभाराचा गाभा, असतं. ॲपला फोटो साठवायचा असेल तर त्यानं परस्पर कपाटाला हात लावायचा नाही. ठरलेल्या क्रमांकाचा अर्ज कर्नलकडे द्यायचा. हा सिस्टिम कॉल. अर्जाला रकाने फार तर सहा. सातवी गोष्ट असेल तर वेगळा कागद करा, आणि तो कुठे ठेवलाय एवढंच लिहा!

गंमत पुढे आहे. अर्ज हाताळायला बाहेरच्यांसाठी लिहिलेली फंक्शनं कर्नलमधलेच लोक आतून बिनदिक्कत वापरत. म्हणजे कारकुनानं आपलीच फाइल काढायला बाहेर येऊन खिडकीत अर्ज करावा, तसं. चालत होतं, सरकारी काय नि संगणकी काय, चालतंय म्हटल्यावर हात कोण लावतो? पण त्यामुळे अर्ज घ्यायची रीत बदलायची सोय उरली नव्हती.

2018 मध्ये कर्नलवर काम करणारे प्रोग्रॅमर डॉमिनिक ब्रॉडोव्स्की यांनी हात लावला. आतल्यांना वेगळी फंक्शनं दिली आणि खिडकी मोकळी केली. मग 64 बिटी इंटेल यंत्रांवर नवी रीत आली: प्रत्येक कॉलनं आपल्याला लागतील तेवढेच रकाने वाचायचे. उरलेल्या रकान्यांत, म्हणजे प्रोसेसरच्या रजिस्टरांत, बाहेरच्यानं काहीबाही भरून दिलं असेल, ते पूर्वी तसंच आत जाई. त्याच वर्षी जानेवारीत प्रोसेसरमधली ‘स्पेक्टर’ ही सुरक्षेची त्रुटी उघड झाल्यानं असल्या गोष्टींचा धसका होताच. 3 जूनला आलेल्या लिनक्सच्या 4.17 आवृत्तीत हे सगळं बसलं. मोबाइलमधल्या एआरएम चिपसाठी तशीच दुरुस्ती त्याच वर्षी 4.19 मध्ये झाली.

बाहेर मात्र एकही क्रमांक हलला नाही. जुना प्रोग्रॅम मोडायचा नाही, हा लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांचा दंडक. या हट्टाचं मला कौतुकच वाटतं, पण त्याची अडगळ बघावी. 32 बिटी इंटेलच्या यादीत सिस्टिमचं नाव सांगणारे कॉल तीन: 122 वर ‘यूनेम’, 109 वर ‘ओल्डयूनेम’ आणि 59 वर, चक्क, ‘ओल्डओल्डयूनेम’. या थोरल्या आजोबांच्या फॉर्ममध्ये नावाला आठच अक्षरांची जागा आहे. नाव लांब असलं तरी ते तक्रार करत नाहीत. आठव्या अक्षराला थांबतात.