आठ हजार फुटांचा मोठेपणा

‘आपण आता 36,000 फुटांवर आहोत,’ असं वैमानिकाने सांगितलं की माझी मान आपोआप ताठ होते. त्या उंचीत माझं कर्तृत्व काय, हे कुणी विचारत नाही, आणि आपण होऊन खुलासा करण्याची मला खोड नाही. ललितलेखकाला जमिनीवर फारशी दाद मिळत नसल्यामुळे उंची जिथे मिळेल तिथे तो ती पदरात पाडून घेतो. पण हिशेब तपासायला बसलं की पहिलीच नोंद अंगावर येते: 36,000 फुटांवर विमान असतं, मी नसतो. विमान कितीही वर गेलं तरी केबिनमधला हवेचा दाब 8,000 फुटांवरच्या डोंगरमाथ्यापेक्षा कमी होऊ द्यायचा नाही, असा प्रवासी विमानांच्या रचनेचा नियम आहे. 8,000 फूट म्हणजे 2,438 मीटर. आपली कळसूबाई 1,646 मीटर, जव्हार साधारण साडेचारशे. म्हणजे जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखावरून उंच जाणाऱ्या विमानात बसलेला प्रत्येक जण, श्वासापुरता का होईना, कळसूबाईच्या बराच वर असू शकतो. तोही एक पाऊल न टाकता, बूट काढून, टोमॅटोचा रस पीत. ही चढाई फुकटची, हे मान्य. पण माझं म्हणणं त्याहून पुढचं आहे. आपण आकाशात जातच नाही. एक डोंगरमाथा बरोबर घेऊन जातो, आणि तो माथा शाबूत ठेवण्यासाठी जे राबणं चालतं, त्याचा आपल्या ताठ मानेशी काडीचा संबंध नसतो.

ही हवा येते कुठून? बहुतेक जेट विमानांत ती थेट इंजिनातून येते. इंजिन जळणासाठी जी हवा आत ओढून दाबतं, त्यातलीच थोडी इंधन मिसळण्याआधी बाजूला काढून घेतात. ती तेव्हा दोनशे अंशांच्या आसपास तापलेली असते. इथे चौकस माणूस हटकतोच: बाहेर उणे 56 अंश असताना विमानाला एसी हवाच कशाला, खिडकीची फट ठेवली तरी पुरे! पण बाहेरची ती विरळ हवा नुसती केबिनच्या दाबाला आणायची म्हटली, तरी दाबण्यानेच ती गणिताप्रमाणे 33 अंशांच्या आसपास पोचते. इंजिन तर तिला याहून किती तरी जास्त दाबतं. शिवाय आत दीडशेवर माणसं, आणि प्रत्येक जण जुन्या शंभर वॉटच्या दिव्याएवढी उष्णता बाहेर टाकत बसलेला. म्हणून विमानाच्या पोटातली यंत्रं ती कढत हवा बाहेरच्या थंडीने निववतात, पुन्हा दाबतात, पुन्हा निववतात, आणि मग एका चक्रावर एकदम फुगू देतात. फुगताना हवा चक्र फिरवते आणि त्या कामात स्वतःची उष्णता खर्चून गारठते. तीत थोडी गरम हवा मिसळली की आपल्याला सोसेल असा वारा तयार होतो. ‘बंद डब्यातली शिळी हवा’ ही तक्रारही टिकत नाही. मागच्या बाजूला एक झडप कमी-जास्त उघडी राहून हवा सतत बाहेर सोडत असते, आणि केबिनमधली सगळी हवा दोन-तीन मिनिटांत बदलते. त्यातली साधारण निम्मी ताजी, उरलेली बारीक गाळणीतून परत आलेली. कोरडी मात्र असते. घसा खरवडतो तो त्यामुळे. त्यात लेखकाच्या संवेदनशीलतेचा भाग नसतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एवढी हवा दाबताच आहात, तर थेट मुंबईच्या किनाऱ्याएवढी दाबा, अर्ध्यावर का थांबता? थांबतात ते पत्र्यासाठी. 36,000 फुटांवर आतून बाहेर ढकलणारा जोर 8,000 फुटांच्या हिशेबाने दर चौरस मीटरला पाच टनांहून अधिक होतो. किनाऱ्याचा दाब ठेवला तर तो आठ टनांवर जाईल. हा जोर प्रत्येक उड्डाणाला चढतो आणि उतरतो, आणि धातू थकतो. ब्रिटिशांच्या कॉमेट या जगातल्या पहिल्या प्रवासी जेटने हे 1954 साली शिकवलं. त्या वर्षी दोन कॉमेट हवेतच फुटली. मग एक विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर पुन्हा पुन्हा दाब दिला, तेव्हा पत्रा फाटला आणि कारण हाती आलं. आज बोइंग 787 ची केबिन 6,000 फुटांवर ठेवता येते, कारण तिचं अंग धातूऐवजी मुख्यतः कार्बनच्या धाग्यांचं आहे. तेव्हा आपला डोंगरमाथा किती उंच, हे पत्र्याची सहनशक्ती ठरवते. आपली लायकी त्यात कुणी विचारलेली नाही.

‘काही झालं तर मास्क आहेत ना,’ असं म्हणणारे लोक मला आवडतात, कारण ते मला माझ्या लाडक्या विषयावर आणून सोडतात. मुखवट्यांची खरी विद्या मोखाडा-जव्हारच्या पट्ट्यात आहे. होळीनंतर तिथे गावोगाव बोहाडा होतो. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे मुखवटे, संबळ, पिपाणी, टेंभ्यांचा उजेड, आणि रात्रभर एकामागून एक सोंगं: गणपती, शारदा, नरसिंह, त्राटिका, रावण. कोणतं सोंग कुणी नाचवायचं याचे मान घराण्यांकडे चालत आलेले. रावणाचा मुखवटा जड. आत धड दिसत नाही, श्वास कोंडतो, घाम डोळ्यांत उतरतो, आणि तरी नाचणारा तो सोडत नाही, कारण तेवढ्या वेळापुरता तो रावण असतो आणि अख्खा गाव ते मान्य करतो. विमानातल्या मुखवट्याचा व्यवहार नेमका उलटा. पिवळ्या प्लॅस्टिकची वाटी, वजन नाही, श्वास देते आणि मान काढून घेते. पुढच्या महागड्या खुर्चीतल्या उद्योगपतीला आणि शेवटच्या ओळीतल्या मला एकच सोंग. प्रयोग मात्र प्रत्येक उड्डाणाला होतो. हवाईसुंदरी मधल्या वाटेत उभी राहून तो मन लावून करते आणि प्रेक्षक मोबाईलमध्ये मान घालून बसतात. बोहाड्याला असा प्रेक्षक लाभला असता तर नरसिंहाने हिरण्यकश्यपूला सोडून त्यालाच मांडीवर घेतलं असतं. आणि प्रयोगात सांगतात ते ऐकण्यासारखं असतं. स्वतःचा मास्क आधी, मग मुलाचा. मराठी आईच्या कानाला हे कठोर लागतं. पण 35,000 फुटांवर हवा निघून गेली तर माणसाची शुद्ध कामाची राहते अर्धा ते एक मिनिट. आधी मुलाकडे वळलेली आई गाठ बसायच्या आत भान हरपू शकते. शिवाय बहुतेक विमानांत त्या वाटीतला प्राणवायू डोक्यावरच्या डबीतल्या रसायनातून निघतो आणि पंधराएक मिनिटंच पुरतो. तेवढ्यात वैमानिकाने विमान 10,000 फुटांवर आणायचं असतं. वर राहण्याची सोय म्हणून मास्क दिलेलाच नाही; खाली उतरायला दिलेली ती सवड आहे.

20 सप्टेंबर 2018 च्या सकाळी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात ही सवड वापरावी लागली. इंजिनातली हवा केबिनकडे वळवणारी बटणं चालू करायची राहून गेली होती. विमान चढत राहिलं आणि 166 प्रवाशांचा डोंगरमाथा त्यांच्या नकळत उंच होत गेला. मास्क खाली पडले, तिसेक जणांच्या नाका-कानांतून रक्त आलं, विमान मुंबईला परतलं. 2005 साली हेलिओस कंपनीच्या विमानात दाबाची कळ चुकीच्या जागी राहिली. वैमानिकच बेशुद्ध पडले, विमान आपोआप ग्रीसवर घिरट्या घालत राहिलं आणि 121 माणसं गेली. त्या ठिकाणी मला विनोद सुचत नाही.

सुचतो तो राग, आणि तोही इंजिनातून हवा आणणाऱ्या नळीतूनच येतो. इंजिनाकडून काढलेली हवा फुकट मिळत नाही. तिच्यापायी जास्त इंधन जळतं, आणि कंपनी ते गुमान भरते. ज्याच्याकडून घ्यायचं त्याला आधी पुरवायचं, एवढा सरळ हिशेब यंत्राशी पाळला जातो, माणसांशी नाही. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे. 2014 पासून त्यातून मुंबईला रोज 45 कोटी लिटरच्या वर पाणी जातं. आणि उन्हाळा आला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत हंडे लावून बसतात. कुणी म्हणेल, विमान आणि पाणी यांची गल्लत करू नका, शहराला पाणी लागतंच. लागतंच, मी ते पितो. पण इंजिनाला उपाशी ठेवून केबिन गार करण्याची युक्ती अजून कुठल्याही इंजिनिअरला सुचलेली नाही, आणि सुचली तर ते विमान कुणी उडू देणार नाही. तालुका मात्र खुशाल उडवतात.

राहता राहिला कान. उतरताना केबिनचा डोंगर मिनिटाला काही शे फुटांनी खाली येतो आणि कानाच्या पडद्यावर बाहेरचा दाब वाढत जातो. घशाकडून कानात जाणारी बारीक नळी गिळताना किंवा जांभई देताना उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. मोठी माणसं गोळी चघळतात. तान्ह्या बाळाची नळी अरुंद, आणि गिळायचं त्याला कळत नाही. ते रडतं, आणि सगळी केबिन त्याच्या आईकडे रागाने बघते. तेव्हा विमान उतरायला लागलं की झोपलेल्या बाळाला उठवा, अंगावर घ्या किंवा बाटली द्या. आणि बाळ शेजाऱ्याचं असेल, तर निदान त्या माउलीकडे बघून कपाळाला आठ्या घालू नका.