पेटी देवगडची, पट्टी कुणाची?

मालवणात जन्मून ज्याला बांगड्याचे कल्ले बघून ताजा-शिळा ओळखता येत नाही, त्याने लॅपटॉपच्या रॅमची कंपनी निवडायला जाऊ नये, असं आमच्या सौ.चं स्पष्ट मत होतं. मी ऐकलं नाही.

माझा लॅपटॉप २०१५ सालचा. तो चालू करून मी अंघोळ उरकायचो, पूजा आटपायचो, दोन घावणे चटणीला लावून खायचो, तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतच असायचं. पुण्याच्या भाच्याने फोनवरूनच निदान केलं, "मामा, चार जीबीत काय होणार? रॅम वाढवा." इथवर ठीक होतं. पण फोन ठेवताना त्याने विचारलं, "कुठल्या कंपनीची घेणार?"

झालं. जमाखर्चाच्या वहीत मागच्या पानापासून मी स्थळं लिहायला घेतली. किंग्स्टन : घराणं कॅलिफोर्नियाचं, जॉन तू आणि डेव्हिड सन यांनी १९८७ साली उभं केलेलं. ट्रान्सेंड तैवानची. कोर्सेअर पुन्हा कॅलिफोर्नियाची. पंधरा रात्री जागून मला शोध लागला तो असा, की पट्टीवर नाव कुणाचंही असो, तिच्यावरच्या काळ्या चिपा बनवणाऱ्या बड्या कंपन्या जगात तीनच : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. किंग्स्टनसुद्धा चिप विकतच घेते. म्हणजे बाग दुसऱ्याची, पेटी यांची! पेटीवर 'देवगड' वाचून आत भलताच आंबा निघालेला आम्ही पाहिलाय, त्यामुळे मी एकदम सावध झालो. क्रूशल मात्र खुद्द मायक्रॉनची. बागही घरची, पेटीही घरची. तरी मन ठरेना. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीच्या कौलावर ठरते, तीसुद्धा ठरून गेली. माझी रॅम तशीच. "तुम्ही पण कौल लावा एकदा," सौ. भाकरी थापता थापता म्हणाली.

शेवटी क्रूशलवर बोट ठेवलं आणि त्याच आठवड्यात, ३ डिसेंबर २०२५ला, मायक्रॉनने जाहीर केलं, की एआयच्या डेटा सेंटरांना चिपा पुरवायच्या असल्याने क्रूशलचा किरकोळ धंदा बंद. चाळीस वर्षांचा अनुभव आहे : मी रांगेत उभा राहिलो, की खिडकी बंद होते. भाव तर आधीच चढत होते. मग मात्र जत्रेत शेवटची खाज्याची पुडी दिसावी तसा मी तुटून पडलो, आठ जीबीची क्रूशल मागवली, लॅपटॉपचे अकरा स्क्रू काढले (पैकी एक अजून सोफ्याखाली आहे) आणि पट्टी खाचेत लावून दाबली. बसेना. पावसाळ्यात फुगलेलं दार रेटावं तशी रेटली. तरी बसेना. नंदादीपाच्या तेलाकडे माझा हात गेलेला पाहून सौ.ने लॅपटॉप पिशवीत घालून हातात दिला.

बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्या पोराने पट्टीकडे एकदाच बघितलं. "काका, ही चौथी. तुमची तिसरी. बसतली कशी?"

मी डीडीआर-थ्रीच्या खाचेत डीडीआर-फोर कोंबत होतो. हिला २६० पिना, तिला २०४, आणि मधली खाचही वेगळ्या जागी. ती मुद्दामच, भलती पट्टी कुणी बसवू नये म्हणून. म्हणजे जगातल्या इंजिनिअरांनी माझा विचार आधीच करून ठेवला होता.

पोराने खणातून कुठल्याशा मेलेल्या लॅपटॉपची जुनी पट्टी काढली, शर्टाला पुसली, खटकन बसवली. लॅपटॉप उठला. मी चष्मा चढवून पट्टीवरचं लेबल शोधायला लागलो. लेबल नव्हतंच.

"कंपनी कुठली रे?"

"तुमका कंपनी होयी, की लॅपटॉप चालूक होयो?"

आता लॅपटॉप पळतो. क्रूशलची पट्टी पेटीसकट शोकेसमध्ये आहे. एवढी पारखून आणलेली वस्तू वाया कशी घालवायची? म्हणून तिला बसेल असा नवा लॅपटॉप घ्यायचं ठरवलंय.

कंपन्या सात आहेत. वही काढली आहे.